'स्टेप्स'ची फूट: अर्धे पटलेले मत

'स्टेप्स' हा ब्रिटिश पॉप गायक-नर्तकांचा गट जाहिरात देऊन जमवलेला होता, म्हणून तो फुटणारच होता, हे मत मला अर्धेच पटते. १९९७ मध्ये 'द स्टेज' या नियतकालिकातील जाहिरातीतून पाच जणांची मोट बांधली गेली हे खरे. परंतु 'बी जीज' या जुन्या गटाचे 'ट्रॅजेडी' हे गाणे नव्याने गाऊन जानेवारी १९९९ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला, तो केवळ निर्मात्यांच्या बळावर नव्हे. दोन्ही तळवे उघडून चेहऱ्याच्या दोन बाजूंना धरण्याची त्यातली ती साधी अदा प्रेक्षकांना लगेच उचलता येई, आणि माझ्या मते या गटाचे खरे सामर्थ्य याच सहभागात होते.

डिसेंबर २००१ मध्ये दौरा संपत असताना क्लेअर रिचर्ड्स आणि इयन वॉटकिन्स यांनी उर्वरित तिघांच्या हाती राजीनाम्याची पत्रे ठेवली आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी फूट जाहीर झाली. इतकी वर्षे एकत्र नाचलेल्या सहकाऱ्यांना हे असे कळावे, याचे मला आजही वाईट वाटते. मात्र २०११ मध्ये हेच पाच जण पुन्हा एकत्र आले आणि त्यांचा गाण्यांचा संग्रह थेट पहिल्या क्रमांकावर गेला. नुसत्या जाहिरातीने जमवलेल्या माणसांकडून हे घडले नसते.