चांगला अभिनय म्हणजे नक्की काय? घरात वाद पेटलाय

मधली_सुट्टी:
मंडळी मदत करा. आमच्याकडे रात्री जेवताना मालिका चालू असते आणि परवा त्यातला हिरो आईच्या फोटोसमोर रडत होता, म्हणजे अगदी धबधबा, नाक लाल, ओठ थरथर वगैरे, आणि मी आणि बहीण हसत सुटलो. आई चिडली, एवढा जीव तोडून करतोय बिचारा म्हणाली. मग मी मुद्दाम रविवारी तिला सिंहासन दाखवला (१९७९ चा, जब्बार पटेलांचा). त्यात निळू फुले पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. माणूस अर्धा वेळ नुसता उभा असतो, कोणाचं तरी ऐकत असतो, सिगरेट ओढत असतो. पिक्चर संपल्यावर आई म्हणते, "ह्यांनी तर काहीच केलं नाही, पण मी दुसऱ्या कोणाकडे बघतच नव्हते."

तर प्रश्न असाय की हे "काहीच न करणं" चांगलं का, आणि तो बिचारा एवढं करून वाईट का? "नैसर्गिक अभिनय" असं उत्तर देऊ नका प्लीज, ते सगळेच म्हणतात आणि त्यातून काही कळत नाही.

विंगेतला:
मी हौशी नाटकवाला, राज्य नाट्यस्पर्धेत सात-आठ वर्षं कामं केली, दोनदा बक्षीसही आहे, त्यामुळे डोक्यात हवा होती. मग एका मालिकेत दोन दिवसांचं काम मिळालं, वकिलाचं. पहिला टेक दिला आणि दिग्दर्शक म्हणाला, दादा कमी करा. कमी केलं. अजून कमी. शेवटी त्याने मला मॉनिटरवर नेऊन दाखवलं. अरे माझ्या भुवया! प्रत्येक शब्दाला वर खाली, वर खाली. शिवाजी मंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायला हव्यात म्हणून लागलेली सवय ती. क्लोजअपमध्ये तो शेवटच्या रांगेतला माणूस तुमच्या नाकापासून वीतभर अंतरावर बसलेला असतो, त्याला ओरडून काय सांगायचंय?

पण म्हणून नाटकवाले पडद्यावर वाईट असं कोणी म्हणू नका. डॉ. श्रीराम लागू नटसम्राट करायचे तेव्हा अख्खं थिएटर हादरायचं, आणि तेच लागू सामना पिक्चरमधे दारुडे मास्तर आहेत, समोर निळूभाऊंचा साखरसम्राट. दोघंही रंगमंचावरून आलेले, पण आवाज कुठे चढवायचा आणि कुठे घशातच ठेवायचा हे दोघांना बरोब्बर माहीत. मला नव्हतं माहीत एवढंच. (तो वकील नंतर मालिकेत कधी परत दिसला नाही, समजून घ्या.)

कटिंग_चहा_दोन:
मला विचाराल तर पडद्यावरचा अभिनय ही अर्धी फसवणूक आहे. रशियात शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच कोरा चेहरा घेतला आणि त्याला एकदा सुपाचा बाऊल जोडला, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. लोकांना म्हणे पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात दुःख, तिसऱ्यात वासना. चेहरा तोच! आणि कोर्ट पिक्चर बघा, २०१४ चा, त्यातला लोकशाहीर म्हणजे वीरा साथीदार, तो माणूस व्यवसायाने नट नव्हताच, चळवळीतला कार्यकर्ता. सैराटची रिंकू अकलूजची शाळकरी मुलगी, पहिल्याच पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख. मग वर्षानुवर्षं अभिनय शिकणारे काय शिकतात? दिग्दर्शक आणि एडिटर चांगला असला की झालं.

टाइमलाइन:
कटिंग_चहा, मी एडिटला बसतो, सहा वर्षं झाली, मालिकाच जास्त. तू म्हणतोस तसं असतं तर माझं आयुष्य फार सोपं झालं असतं रे.

चेहरा कोरा असला तर मी त्यात काहीही भरू शकतो, मान्य. पण वाईट नटाचा चेहरा कोरा नसतोच ना, हाच तर लोचा आहे! त्यावर आधीच लिहिलेलं असतं "मी आता दुःखी आहे". त्याला मी कुठे जोडू? आणि सगळ्यात जास्त कळतं ते समोरचा बोलत असताना. मला एखाद्याची रिॲक्शन लागते म्हणून मी त्याचा शॉट उघडतो आणि तो ऐकतच नसतो, तो स्वतःच्या वाक्याची वाट बघत असतो, डोळ्यात दिसतं की मनातल्या मनात पाठांतर चालूये. कधी कधी ओठ पण हलतात समोरच्याच्या वाक्यावर, शपथ. चांगला नट ऐकतो. म्हणजे वाक्य त्याला चाळीस वेळा माहितीये तरी आत्ताच कळल्यासारखं कानावर घेतो. मधली_सुट्टी, तुझ्या आईला दिगूवरून नजर काढता आली नाही ती ह्यामुळे, तो पिक्चरभर ऐकतोय. ते सगळं साठत जातं म्हणून तर शेवटी तो वेड्यासारखा हसतो ते अंगावर येतं.

दुसरी गोष्ट कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक शॉटमधे तीच हालचाल त्याच जागी करणं. मास्टरमधे (अख्खा सीन एकत्र दिसतो तो लांबचा शॉट) "पैसे" शब्दावर कप उचलला तर क्लोजअपमधे पण तिथेच उचलायचा. ज्याला हे जमतं तो मला दहा कट देतो, ज्याला नाही त्याचे चांगले टेक पण फेकावे लागतात. आणि कॅमेऱ्यात नसताना समोरच्याला क्यू (त्याच्या वाक्याआधीचं वाक्य) कसा देतो ते बघा, काही जण आपला क्लोजअप झाला की व्हॅनिटी व्हॅनमधे पळतात, मग समोरचा बिचारा एडीकडे (असिस्टंट डिरेक्टर) बघून प्रेमाचे डायलॉग मारतो.

तरी मालिकेतल्या नटांना फार झोडू नका. सीन सकाळी हातात येतो, कधी शाईपण वाळलेली नसते. प्रॉम्प्टिंगवर, म्हणजे बाजूने कोणी सांगेल तशी, वाक्यं चालू असतात, त्यात ऐकणार कुठे आणि कसं. आणि तो धबधबा रडला त्यावर आम्हीच तीन वेळा झूम आणि ढॅण ढॅण टाकलं असणार, सॉरी.

मधली_सुट्टी, एक काम कर. आवाज बंद करून बघ.

तांबडा_रस्सा:
एडिटर दादा बोलले ते बरोबर, पण मी बाईमाणूस आधी हात बघते. आमच्या कोल्हापूरकडे भाकरी थापणारी बाई आणि मालिकेतली भाकरी थापणारी बाई, लांबून कळतं. एक पिठाशी बोलत नाही, दुसरीचं सगळं लक्ष पिठावर आणि कॅमेरा कुठाय ह्यावर. कोर्ट मधली सरकारी वकील बघा, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात कलमं अशी भराभरा सपाट वाचते की जणू किराणा मालाची यादी, आणि मग लोकलमधून घरी जाऊन स्वयंपाक करते. कुठेही "मी वाईट बाई आहे" दाखवत नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते. आणि त्या नाटकातल्याच आहेत हो, कटिंग_चहा.

भाषेचं कोणीच बोललं नाही. शहरातली पोरं गावाकडचं बोलायचं म्हणून प्रत्येक वाक्याला "आलंया, गेलंया" लावतात, आमच्यात असं कोणीच बोलत नाही बाबा. रिंकूची भाषा तिच्या तोंडातली होती म्हणून ती खरी वाटली. पण मग तिथेच थांबायचं का? दिलीप प्रभावळकर बघा, चौकट राजातला नंदू पण तेच, झपाटलेला मधला तात्या विंचू पण तेच आणि हिंदीत गांधीजी पण तेच. हे शिकल्याशिवाय, घासल्याशिवाय होत नसतं. आणि निळूभाऊ म्हणजे सेवादलातला सज्जन माणूस, पण पडद्यावर असा खलनायक की माझी आजी त्यांचं नाव निघालं की अजून पदर सावरते.

कटिंग_चहा_दोन:
पिठाशी बोलत नाही 😄 बरं ठीके, अर्धी फसवणूक मागे घेतो. पाव ठेवतो.

मधली_सुट्टी:
काल करून बघितलं. मालिका लावली आणि आवाज बंद केला, आई आधी वैतागली कारण नेमका भांडणाचा सीन होता. हिरो ओरडतोय, हिरॉईन ओरडतेय, आवाज नसल्यामुळे दोघं दात घासल्यासारखे दिसत होते. पाच मिनिटांनी आई म्हणाली, "ती मागची बघ." मागे कामवाली बाई ट्रे घेऊन उभी होती, एकही वाक्य नाही तिला, क्रेडिटमधे नाव पण येत नसेल. "बघ, हिला चहा गार होतोय त्याचं टेन्शन आलंय."

विंगेतला दादा, तुमच्या वकिलाच्या एपिसोडची लिंक असेल तर टाका, आई विचारतेय.