फॅटी लिव्हरला माशाच्या तेलाची गोळी: उपयोग की नुसता दिलासा?

मीठभाकर:
बाबांच्या सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. तेव्हापासून जेवण झालं की माशाच्या तेलाची एक गोळी, आणि चहातली दोन चमचे साखर होती तशीच. मला याची काळजी वाटते. बाटलीची मागची बाजू वाचली: १००० मिग्रॅ तेलात ईपीए १८०, डीएचए १२०. माशाच्या तेलातली ओमेगा-३ नावाची कामाची चरबी ती हीच दोन, म्हणजे जेमतेम ३०० मिग्रॅ. साउथॅम्प्टनच्या चाचणीत (२०१४) रोज ४ ग्रॅम औषधी ओमेगा-३ दिलं, तेही १५ ते १८ महिने. तरी एकूण गटात लिव्हरची चरबी ठळकपणे उतरली नाही. मग एका गोळीवर भिस्त कशी ठेवायची?

रापण:
अर्धंच सांगितलंत. त्याच चाचणीत ज्यांच्या तांबड्या पेशींत डीएचए चांगलं वाढलं, त्यांची लिव्हरमधली चरबीही घटली होती. कारणही माहीत आहे. लिव्हर साखरेपासून चरबी बनवतं, त्याचा कारभार एसआरईबीपी-१सी नावाच्या प्रथिनाकडे असतो. ओमेगा-३ त्याला आवरतं आणि पीपीएआर-अल्फा या दुसऱ्या प्रथिनामार्फत चरबी जाळण्याचं काम वाढवतं. २०१२ मध्ये ९ अभ्यास एकत्र तपासले, त्यातही चरबी कमी झालेली दिसली. डोस तोकडा म्हणून औषधच खोटं, असं कसं?

तारली:
आणि वजन? दुकानदार तर वजन उतरेल म्हणूनच विकतो.

रापण:
तिथे मी बाजू घेणार नाही. उंदरांच्या खाण्यातल्या चरबीचा मोठा वाटा माशाच्या तेलाचा केला की ते कमी लठ्ठ होतात. माणसांत तसा परिणाम जवळपास दिसत नाही. शेवटी तेलच ते, ग्रॅममागे ९ कॅलरी.

मीठभाकर:
माझा मुद्दा तोच आहे. फॅटी लिव्हरमधली चरबी येते कुठून, हे २००५ मध्ये मोजलं गेलं: सुमारे ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून सुटून रक्तावाटे, २६ टक्के लिव्हरने स्वतः बनवलेली, १५ टक्के थेट जेवणातली. तुमचं ओमेगा-३ मुख्यतः त्या २६ ला हात घालतं. पोटाचा घेर तसाच राहिला तर ५९ चा नळ चालूच! सूज आलेल्या लिव्हरवर ईपीए वर्षभर देऊन बघितलं, २४३ रुग्णांत. बायोप्सीत, म्हणजे लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला तेव्हा, फरक नाही. वजन ७ ते १० टक्के उतरलं की मात्र सूजसुद्धा ओसरते.

रापण:
वजन आधी, हे मान्य. पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, खूप वाढलेलं असेल तर ४ ग्रॅमचा डोस ते नक्की खाली आणतो. बाबांचं किती आहे?

मीठभाकर:
३१०.

रापण:
मग डॉक्टरांशी बोला, मनाने गोळ्या वाढवू नका. मोठ्या डोसने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. कॉड लिव्हर ऑइल तर आणूच नका. त्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर लिव्हरलाच इजा. आणि आठवड्यातून दोनदा बांगडा, पण तळून नको, तिरफळं घालून आमटीत.

मीठभाकर:
आमटी होईल. चहातल्या साखरेचं आज रात्री बोलते बाबांशी.