जुन्या पेनवाल्या टॅबलेट पीसीवर कर्सर थरथरतो, आपोआप सरकतो. उपाय?

पानशिरा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुना टॅबलेट पीसी आहे, स्क्रीन फिरवून कीबोर्डवर आडवी करता येते तसला. विंडोज 7 आहे. पेन थेट स्क्रीनवर चालतं आणि त्यात सेल घालावा लागत नाही. मी वनस्पतींची रेखाचित्रं काढते. पानांच्या शिरा, पुंकेसर, बियांवरची नक्षी, सगळं बारीक काम. काचेवरच्या जुन्या खरखरीत फिल्मची हाताला इतकी सवय आहे की नवीन, गुळगुळीत स्क्रीनवर माझी रेघ निसटते. त्यामुळे यंत्र बदलण्याचा सल्ला सोडून बाकी काहीही सांगा.

पेन सावकाश ओढलं की रेघ नागमोडी येते. तीच रेघ झटकन मारली तर सरळ. उजव्या कडेला तर फारच वाईट. दुसरं म्हणजे पेन बाजूला ठेवलेलं असतानाही कधीकधी कर्सर स्वतःहून वरच्या कोपऱ्याकडे चालू लागतो आणि थोड्या वेळाने थांबतो. आणि सर्वांत त्रासदायक, ठिपके देऊन छटा भरताना पेन उचललं तरी दोन ठिपक्यांच्या मध्ये केसासारखी रेघ ओढली जाते. एका बीजाचं चित्र त्यामुळे अक्षरशः जाळीत अडकल्यासारखं दिसतंय.

ड्रायव्हर काढून परत टाकला, कॅलिब्रेशनही (पेनाचं टोक आणि कर्सर यांची जागा जुळवणं) केलं. काडीचा फरक नाही.

चित्रवेडा

कॅलिब्रेशन पुन्हा करण्याआधी ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’मध्ये जाऊन आधीचं रीसेट करा, नाहीतर जुन्या चुकीवर नवी चूक चढते. फुल्यांवर टोक टेकवताना नेहमी बसता तसंच बसा आणि पेन नेहमी धरता तसंच धरा, कारण काच आणि चित्र यांच्यात जाडी असते. तिरकं बघितलं की फुली सरकलेली दिसते. आडव्या आणि उभ्या स्क्रीनचं कॅलिब्रेशन वेगवेगळं करावं लागतं.

शिवाय ‘फ्लिक्स’ बंद करा. झटक्यात मारलेली रेघ विंडोजला पान उलटायची खूण वाटते. ‘दाबून धरल्यावर राइट क्लिक’ हेही चित्र काढणाऱ्याच्या काही कामाचं नाही.

खटपट्या

ताई, कॅलिब्रेशनने तुमचं काम होणार नाही, आणि ते न होण्यामागचं कारण कळलं की पुढचं सोपं जाईल. पेन इथे टेकवलं आणि कर्सर दर वेळी तेवढ्याच अंतरावर बाजूला उमटला, तर कॅलिब्रेशन त्यावर उपाय. थरथर, आपोआप चालणं, न टेकवता रेघ उमटणं यांचा त्याच्याशी संबंध नाही. तुमच्या तीन तक्रारींची मुळं तीन ठिकाणी आहेत असं मला दिसतंय. सगळं ‘कर्सर बिघडला’ या एका नावाखाली घातलं की माणूस ड्रायव्हर टाकत बसतो. असली यंत्रं मी बरीच वर्षं उघडतोय. चांगली चालू शकणारी यंत्रं याच गोंधळात अडगळीत जातात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी पेन टेबलाच्या पलीकडे ठेवा. पेन काचेपासून साधारण सेंटिमीटरभर लांब गेलं की या यंत्राच्या लेखी ते नसतंच. तरीही कर्सर चालत असेल तर पेन निर्दोष आहे. मग दोनच संशयित. स्क्रीनला बोटाचा स्पर्श कळत असेल तर स्पर्शाचा थर. बोट फिरवून बघा, कर्सर हलतो का. नसेल तर कीबोर्डच्या मधोमध रबरी टोपीची जी छोटी काडी असते ती. तुमच्या यंत्रात आहे का? ती काडी हलत नाही, तिच्या मुळाशी पडणारा दाब मोजते, आणि ‘शून्य दाब’ म्हणजे किती हे अधूनमधून स्वतःच ठरवते. तुम्ही स्क्रीन तिच्यावर आडवी करता, वर हाताचा भार टाकता. टोपी दाबली गेली की कर्सर चालायला लागतो. तो दाब तसाच राहिला तर काडी त्यालाच शून्य धरते, आणि कर्सर थांबतो. मग तुम्ही हात उचलला की उलट्या दिशेला चालू लागतो. ‘थोड्या वेळाने थांबतो’ हे तुमचे शब्द वाचले तेव्हाच मला ही काडी आठवली. माऊसच्या सेटिंगमधून किंवा बायोसमधून (यंत्र चालू होताना, विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगमधून) ती बंद करून बघा.

न टेकवता रेघ उमटते, ते बहुतेक निबेमुळे, म्हणजे पेनाच्या बदलता येणाऱ्या टोकामुळे. पेन काचेच्या वर, न टेकवता, हळू फिरवा. रेघ उमटली तर निब आत अडकून राहतेय आणि पेनाला वाटतंय की आपण टेकलेलो आहोत. निब चिमट्याने सरळ रेषेत ओढून काढा, वाकडी ओढू नका. भोकात मळ बसतो. कोरड्या मऊ ब्रशने झटका, निब पुसा, परत बसवा. बोटाने दाबून सोडली की ती लगेच वर यायला हवी. भोकात पाणी किंवा तेल घालायचं नाही.

आता थरथर. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण याबद्दलच सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. तुमच्या पेनात सेल नाही, म्हणजे ते वॅकॉम या पेन-टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीचं असणार. स्क्रीनच्या मागे एक पातळ पत्रा असतो, त्यात तारांच्या वेटोळ्यांची जाळी. ती वेटोळी साधारण 500 किलोहर्ट्झच्या आसपासचा संकेत सोडतात. पेनातली कॉइल त्यावर झंकारते आणि तोच संकेत परत पाठवते. कुठल्या वेटोळ्यात किती जोरात परत आला यावरून पेन कुठे आहे ते काढलं जातं, आणि दाब बदलला की झंकाराची वारंवारता किंचित बदलते. परत येणारा संकेत फार क्षीण असतो. त्यात चार्जरचा किंवा स्क्रीनच्या मागच्या दिव्याचा विद्युत गोंगाट मिसळला की जागेचा हिशेब डुगडुगतो. झटकन मारलेल्या रेघेत दोन नोंदींमधलं अंतर मोठं असतं, म्हणून डुगडुग दिसत नाही. सावकाश रेघेत ती उघडी पडते.

म्हणून असं करा. कोऱ्या कॅनव्हासवर पट्टी धरून, अगदी सावकाश, तिरक्या रेघा ओढा. आडव्या-उभ्या नकोत, तिरक्या. आधी चार्जर लावून, मग काढून. मग बॅटरीवरच, ब्राइटनेस पूर्ण ठेवून आणि मग अर्धा करून. चारही वेळच्या रेघा एकाखाली एक ठेवा आणि इथे सांगा. आणखी एक, यंत्र सपाट टेबलावर ठेवलं की डगमगतं का? पाठ फुगलेली वाटते का? बॅटरी फुगली असेल तर ती आतून दाब देते. तसं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा, यंत्र बंद करा, चार्ज करू नका आणि बॅटरी आधी काढून घ्या.

पानशिरा

खटपट्यादादा, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

यंत्र सपाट आहे, पाठ ठीक आहे. काडी आहे, आणि तीच होती! बंद केल्यापासून कर्सर एकदाही स्वतःहून हललेला नाही. निब काढली तर मुळाशी काळपट चिकट कड बसलेली. पुसून परत बसवल्यावर दाबून सोडली की टुणकन वर येते. ठिपके आता ठिपकेच राहतात.

रेघांचं असं झालं. चार्जर लावून, ब्राइटनेस अर्धा: करवतीच्या दातांसारखी रेघ. चार्जर काढून, अर्धा: बरीच बरी, पण लाट दिसते. चार्जर काढून, पूर्ण ब्राइटनेस: मधल्या भागात जवळजवळ सरळ. चार्जर लावून, पूर्ण: वाईट आणि बरी यांच्या मधली. उजवीकडची दोन बोटं पट्टी मात्र चारही वेळा वाकडीच. चार्जर मूळचा नाही, बदललेला आहे.

टर्मिनलवाला

विंडोजऐवजी लिनक्स चालवायची तयारी असेल तर एक सोय आहे. तिथल्या वॅकॉम ड्रायव्हरमध्ये ‘रॉ सॅम्पल’ नावाचं सेटिंग असतं. किती नोंदींची सरासरी काढायची ते त्यावर ठरतं. मूळ किंमत 4, कमाल 20. वाढवली की थरथर कमी होते, पण रेघ पेनाच्या मागे रेंगाळते. मी 8 च्या आसपास ठेवतो.

खटपट्या

टर्मिनलवाल्यांचं खरं आहे. चित्रकलेच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये रेघ स्थिर करायची सोय असते, तीही हेच काम करते. पण पानशिराताईंचं काम शिरांचं आहे. शिरेला फाटा फुटतो तिथला टोकदार कोन सरासरीत गोल होतो. त्यामुळे आधी गोंगाट जितका कमी करता येईल तितका करा आणि उरलेल्यापुरतीच सरासरी वापरा.

ताई, तुमच्या रेघांनी सगळं सांगितलं. मोठा वाटा चार्जरचा. मूळ व्होल्टेजचा, पुरेशा अँपिअरचा आणि अर्थिंगची पिन असलेला चार्जर मिळवा, आणि ती पिन खरंच अर्थिंगला जोडलेली आहे ना ते पाहा. तोपर्यंत बारीक काम बॅटरीवर करा. दुसरा वाटा दिव्याचा. जुन्या स्क्रीनच्या मागे नळीचा दिवा आणि त्याला वीज पुरवणारा इन्व्हर्टर असतो. ब्राइटनेस कमी करताना बऱ्याच यंत्रांत तो दिवा भराभर चालू-बंद केला जातो, त्याचा गोंगाट. डोळ्यांना त्रास होत असेल तर खोलीतला उजेड वाढवा, पण ब्राइटनेस पूर्णच ठेवा.

उजवी कड पूर्ण सुधारेल असं मी सांगणार नाही. कडेला पेनाच्या एकाच बाजूला वेटोळी उरतात, त्यामुळे हिशेबच अर्धवट होतो. त्यात तिथे स्पीकरचा चुंबक किंवा लोखंडी पट्टी असली की आणखी भर. कडेला लावलेलं चुंबकाचं कव्हर किंवा क्लिप असेल तर काढा. मग रंगांच्या आणि ब्रशच्या खिडक्या त्या पट्टीत नेऊन ठेवा, तिथे टिचकीपुरतंच काम पडेल. चित्र कॅनव्हास फिरवून, सरकवून मधल्या भागात आणत राहा.

पानशिरा

खिडक्या उजवीकडे नेल्या. कव्हरला खरंच चुंबक होता, ते काढल्यावर वाकडी पट्टी एका बोटावर आली. अर्थिंगवाला चार्जर शोधतेय. एक शेवटचं: निब घासून तिरकी झाली आहे. दुसऱ्या पेनाची चालेल का? फेल्टची मिळाली तर मला आवडेल.

खटपट्या

व्यास आणि लांबी दोन्ही तंतोतंत जुळली तर चालेल. काढलेली निब शेजारी ठेवून मोजा, घासलेला भाग सोडून. नवी निब जाड असेल तर भोकात अडकेल आणि ठिपक्यांमधल्या रेघा परत सुरू होतील. फेल्टची निब तुमच्या खरखरीत फिल्मवर लवकर झिजेल, एकदम दोन-तीन घेऊन ठेवा. निब बदलल्यावर मात्र कॅलिब्रेशन एकदा नव्याने करा, चित्रवेडा यांनी सांगितलंय तसं, आधीचं रीसेट करून.