दुकानदाराने मागवून दिलेलं पुस्तक : तुमचे अनुभव लिहा

पुस्तक दुकानात नाही, प्रकाशकाच्या यादीतही दिसत नाही, आणि तरी एखादा दुकानदार ते महिन्याभराने आपल्या हातात ठेवतो. असं ज्यांच्या बाबतीत घडलंय, किंवा घडता घडता राहिलंय, त्यांनी इथे लिहावं. कोणाला काय विचारलं, किती दिवस लागले, कुठे अडलं, हे बारकाईने लिहा. पुढच्या माणसाला त्याचाच उपयोग होतो. सुरुवात मीच करते.

कराड

तबला शिकायला मी चाळिशीत बसले. गुरुजींकडे कायद्यांचं, म्हणजे तबल्यातल्या ठरावीक बोलरचनांचं, एक जुनं पुस्तक होतं, पाठ सुटलेलं, सुतळीने बांधलेलं. ते म्हणाले, "हे देणार नाही, तुझं तू मिळव." दुकानात गेले तर काकांचा पहिला प्रश्न, "प्रकाशक कोण?" मला लेखकाचं आडनाव तेवढं ठाऊक. काका म्हणाले, "शीर्षकपानाच्या मागचं पान बघून या. पत्ता, आवृत्ती, साल, मुद्रक, सगळं तिथे असतं." गुरुजींच्या प्रतीची पहिली चार पानं वाळवीने खाल्लेली. मग वाचनालयात गेले. तिथेही पुस्तक गहाळ, पण ग्रंथपालबाईंनी कपाटातून दाखल नोंदवही काढली आणि बोट फिरवत फिरवत ती ओळ शोधली : प्रकाशकाचं नाव, मिरज, 1978, किंमत 12 रुपये.

त्या एका ओळीवर काकांनी चार फोन केले. प्रकाशक वारले होते. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, माळ्यावर गठ्ठा आहे, बघते. एकोणिसाव्या दिवशी पुस्तक आलं. दोन फॉर्मची (फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानांची जुडी) पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती, म्हणजे सेहेचाळीस वर्षांत ते कुणी उघडलंच नव्हतं. काकांनी स्टीलची पट्टी घालून एकेक पान अलगद सोडवून दिलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी घाई केली नाही.

लातूर जिल्हा, तालुक्याचं गाव

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे गल्ल्यावर बसणारा. एकतीस वर्षं दुकान चालवतोय. "एक प्रत मागवून द्या" म्हटल्यावर आमचा चेहरा का पडतो ते सांगतो.

समजा पुस्तक दीडशे रुपयांचं. एका प्रतीवर प्रकाशक आम्हाला पंचवीस टक्के देतो, म्हणजे साडेसदतीस रुपये. त्यातून पार्सलचा खर्च, फोन, पैसे पाठवणं. पूर्वी रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं, त्यात एकटं पुस्तकही स्वस्तात यायचं. डिसेंबर 2024 मध्ये ते बंद झालं आणि कुरिअरला तेवढ्या वजनाचे जास्त पडतात. म्हणून मी एक वही ठेवतो. डाव्या पानावर प्रकाशक, उजव्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि पुस्तक. एका प्रकाशकाची पाच-सहा पुस्तकं झाली की एकच डाग, म्हणजे पार्सल, मागवायचा. तेव्हा माझं भाडंही निघतं आणि गिऱ्हाइकाला छापील किमतीवर एक रुपया जास्त द्यावा लागत नाही. फक्त थांबावं लागतं. गिऱ्हाइकाने मला विचारावं, "तुमचा पुढचा डाग कधी निघतोय?" असं विचारणारा माणूस आला की मला फार बरं वाटतं, कारण त्याला धंदा कळतो.

दुसरी गोष्ट, "आवृत्ती संपली" यावर लगेच विश्वास ठेवू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची. सगळ्या एकदम बांधत नाहीत. तीन-चारशे बांधायच्या, बाकीचे छापील फॉर्म बाइंडरकडे तसेच ठेवायचे. पाच वर्षांपूर्वी एका निवृत्त गुरुजींना गुरांच्या देशी औषधांवरचं पुस्तक हवं होतं. प्रकाशकाच्या ऑफिसातल्या मुलाने "संपलं" सांगून फोन ठेवला. मी दुसऱ्या दिवशी मालकांना गाठून विचारलं, "बांधलेलं संपलं की फॉर्मही संपले?" ते थांबले, म्हणाले, बघून सांगतो. फॉर्म होते! दीडशे प्रतींचे. पण वीस प्रती घेत असाल तर बांधणी करतो म्हणाले. मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी त्यांच्या माजी विद्यार्थ्यांत शब्द टाकला, आठ दिवसांत सव्वीस नावं झाली. पुस्तकं आली तेव्हा डिंकाचा वास जात नव्हता. गुरुजींनी सगळी पुस्तकं टेबलावर मांडून बराच वेळ नुसता हात फिरवला.

आणि आगाऊ रक्कम द्या, निम्मी तरी. मागवलेलं पुस्तक न नेणारे मी खूप पाहिलेत. माझ्या वरच्या फळीवर आजही अशी चौदा पुस्तकं आहेत.

चंद्रपूर

आमच्याकडची वाट वेगळी आहे. बाबासाहेबांवरची, चळवळीची, शाहिरांची कितीतरी पुस्तकं अशा छोट्या प्रकाशकांची असतात की ती कुठल्याही वितरकाकडे जात नाहीत. बऱ्याच पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांकही नसतो. नागपुरातल्या एका मोठ्या चकचकीत दुकानात मी नाव सांगितलं तर मुलाने संगणकात बघून "असं पुस्तकच नाही" म्हटलं. पुस्तक माझ्या मामाच्या घरी होतं, मी ते हातात धरलं होतं. खूप लागलं मनाला.

आमच्या गावातला विक्रेता मात्र वर्षभर यादी करतो आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातो. तिथे पुस्तकांचे स्टॉल किती लागतात ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. तोच माणूस 6 डिसेंबरला दादरला, शिवाजी पार्कवर. वर्षात दोन फेऱ्या. मला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे'चा अठरावा खंड हवा होता, त्यात त्यांची मराठी भाषणं आहेत आणि त्याचे तीन भाग आहेत. हे खंड शासन छापतं, किंमत अगदी कमी, पण पुनर्मुद्रण रखडलं की मिळेनासे होतात. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली होती. मला पहिला आणि तिसरा भाग पहिल्याच दसऱ्याला मिळाला. दुसरा भाग तिसऱ्या वर्षी. तो त्याने घरी आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि आईच्या हातात दिला. आई वाचत नाही. तिने तो कपाळाला लावून मग मला दिला.

ठाणे

कुळवृत्तांत, म्हणजे एखाद्या कुळाच्या वंशावळीचं पुस्तक शोधत असाल तर दुकानदाराला उगाच दोष देऊ नका. ही पुस्तकं कुलमंडळं वर्गणीतून काढतात, दुकानात येतच नाहीत. मला हे दुकानदारानेच समजावलं आणि प्रस्तावनेखाली मंडळाच्या कार्यवाहांचा पत्ता असतो तिथे पत्र टाकायला सांगितलं. टाकलं. अकरा दिवसांत पुस्तक.

न्यू जर्सी

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर शोधता येतो, मीही रोज वापरते. पण शनिवारच्या मराठी शाळेत मुलांसमोर कागदाचा कोश उघडायचा होता. एक शब्द शोधताना शेजारचे दहा दिसतात, ते पडद्यावर होत नाही. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुण्यात 1975 मध्ये पुनर्मुद्रण झालं होतं, ते हवं होतं. अप्पा बळवंत चौकात वन्सं स्वतः गेल्या. तीन दुकानांत "नाही". चौथ्यात गृहस्थ म्हणाले, "नवा नाही मिळणार, पण कुणाचा ग्रंथसंग्रह निघाला तर सांगतो," आणि नंबर लिहून घेतला. आम्ही विसरून गेलो. चौदा महिन्यांनी फोन आला. कोश जाडजूड, म्हणून वन्संनी येताना बाकीच्या सामानातून पापड आणि लोणचं कमी केलं. पहिल्या पानावर आधीच्या मालकाची फाउंटन पेनची सही आहे. शाळेत मुलं आधी तीच बघतात.

मडगाव

माझं पुस्तक मिळालं नाही, तरी लिहितो. गोव्यातल्या मराठी रंगभूमीवरचं होतं, लेखकानेच छापलेलं. दुकानदाराने नऊ महिने शोधलं, मग घरी येऊन आगाऊ घेतलेले शंभर रुपये परत केले. जाताना म्हणाला, पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत बघितलंत का? ही लायब्ररी 1832 ची. तिथे प्रत होती, बाहेर न्यायची नाही अशी. तीन शनिवार बसमधून गेलो आणि तिथे बसून पुरी वाचली. माझ्या आजोबांनी 'शारदे'त स्त्रीपार्ट केला होता असं घरात म्हणायचे. त्या पुस्तकात त्या नाटकमंडळीच्या नावांत ते आहेत, शेवटून दुसरे.