विषय: केडलस्टनची सहल आणि बेवारस डबा

प्रेषक: सेक्रेटरी

नमस्कार मंडळी,

शनिवारी डर्बीशायरमधला केडलस्टन हॉल, म्हणजे तो जुना उमरावी वाडा, बघायला आलेल्या सगळ्यांचे आभार. पाऊस पडला नाही हे बाप्पाचं काम, माझं नाही. सहलीची बस पाऊण तास उशिरा आली त्याबद्दल बसच्या त्या लोकांना कडक मेल टाकलाय, काही पैसे परत मिळाले तर मंडळाच्या खात्यात जातील.

एक तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा माझ्याकडे आलाय, आत अजून दोन तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणच्याची एक फोड आहे. झाकणावर नाव कोरलंय पण घासून घासून अर्धं गेलंय, शेवटचं "...कर" तेवढं वाचता येतं, आणि आपल्या मंडळात एवढ्यावरून कोणाचा पत्ता लागणार कप्पाळ. ज्यांचा असेल त्यांनी कळवा. आणि कोणीतरी चार ओळी लिहा ना सहलीबद्दल.

प्रेषक: लेस्टरचे काका

डबा आमचा नाही. आमच्याकडून फक्त ही आली होती आणि घरचे डबे मी आत्ताच मोजले.

मी का आलो नाही ते मीटिंगमध्ये सांगितलं होतं, पुन्हा सांगतो. डर्बीशायरमध्ये एवढी घरं पडलीयत आणि आपण निवडलं कुठलं तर व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं. ज्याने बंगालची फाळणी केली, ज्याच्या कारभाराशी तुलना करायला आपल्या गोखल्यांना 1905 च्या बनारस काँग्रेसमध्ये थेट औरंगजेब आठवला, आणि गोखले म्हणजे मवाळातले मवाळ! त्याच वर्षी पुण्यात दसऱ्याच्या सुमारास विलायती कपड्यांची होळी झाली. आणि आता आपण त्याच्या बागेत बसून पुऱ्या खायच्या. तुम्ही खा, माझी हरकत नाही.

प्रेषक: डर्बीची ताई

काका, रागावू नका, पण तुम्ही यायला हवं होतं, आणि ते तुमच्याच मुद्द्यासाठी. चार ओळी म्हणता म्हणता लांबलंय, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे हे घर तुमच्या कर्झनने बांधलेलं नाही. त्याच्या पूर्वजाने, सर नॅथॅनियल कर्झनने, 1759 च्या आसपास जुनं चांगलं घर पाडून हे काढायला घेतलं. आर्किटेक्ट एकामागून एक तीन. आधी ब्रेटिंगहॅम, मग पेन, आणि शेवटी रॉबर्ट ॲडम, तो तेव्हा नुकताच इटलीहून रोमचे अवशेष बघून आलेला तरुण माणूस, त्याला आधी फक्त बागेतली बांधकामं दिली होती आणि बघता बघता त्याने अख्खं घरच हातात घेतलं. (आमच्या किचनच्या कामाला आलेल्या बिल्डरसारखं, फक्त ॲडमला काम येत होतं.) समोरची बाजू पेनची, सहा भलेमोठे खांब, आणि मागे गेलात की ॲडमची, ती म्हणजे रोममधली कॉन्स्टंटाइन बादशहाची विजयकमान उचलून घराला चिकटवलेली.

आत शिरल्या शिरल्या मार्बल हॉल. वीस खांब, प्रत्येक 25 फुटी, गुलाबी शिरा असलेल्या अलाबास्टरचे, म्हणजे संगमरवरासारख्या दिसणाऱ्या दगडाचे, आणि तो दगड नॉटिंगहॅमशायरच्या खाणीतला, हे कळल्यावर आपली नॉटिंगहॅमची मंडळी अशी काही फुलली की जणू यांनीच वाहून आणला. हॉलला बाजूने खिडक्या नाहीत, उजेड वरून येतो. आपल्या वाड्याच्या चौकात यावा तसा, पण चौकात तुळस असते, पापड वाळत असतात, इथे पुतळे. त्याच्यामागे गोल सलून, म्हणजे दिवाणखाना, वर घुमट, 62 फूट उंच, मान दुखली. राहायला कुठे जागा आहे असं आमची धाकटी विचारत होती तर ते बरोबरच आहे, हा मधला भाग लोकांना दाखवायलाच होता, घरची माणसं बाजूच्या विंगमध्ये राहायची आणि स्वयंपाकघर दुसऱ्या विंगमध्ये, मधे वळणदार बोळ. आमटी पानात पडेपर्यंत गारच होत असणार. इंग्रजी शब्दकोशवाले डॉ. जॉन्सन 1777 मध्ये बघायला आले होते ते म्हणाले की खांबांचा हॉल कोर्टाला बरा आणि गोल खोली ज्युरीला. तेव्हापासून लोक येतायत, मिसेस गार्नेट नावाच्या हाउसकीपर हातात कॅटलॉग घेऊन घर दाखवायच्या, त्यांचं तसंच चित्र आहे, कॅटलॉगसकट. मला सगळ्या उमरावांच्या तसबिरींपेक्षा त्याच आवडल्या.

बाहेर बघाल तर इतकी सुंदर हिरवळ, तळं, ॲडमचा पूल, मेंढ्या. पण इथे आधी गाव होतं! नजरेत येतं म्हणून ते हलवलं, रस्ताही हलवला, फक्त चर्च राहिलं, ते अजून घराला खेटून उभं आहे. आपल्याकडे धरणासाठी गावं उठली, इथे नुसत्या नजाऱ्यासाठी. तळ्याकाठी एक टुमदार बंगली आहे, ती कशासाठी, तर बायकांना ऊन न लागता खिडकीतून गळ टाकता यावा म्हणून. आपल्या मालवणच्या वहिनी म्हणाल्या, एक बांगडा तरी मिळतो का यात?

आता तुमचा मुद्दा. खालच्या मजल्यावर म्युझियम आहे, कर्झनने हिंदुस्थानातून आणि इतर ठिकाणांहून जमवलेल्या वस्तूंचं. तिथे काचेच्या पेटीत त्याच्या बायकोचा, मेरी कर्झनचा, तो मोराचा ड्रेस, 1903 च्या दिल्ली दरबारातला. उजेड मंद ठेवलाय, आधी काही दिसत नाही, मग डोळे सरावले की एकेक पीस उमटायला लागतं. आपल्या पैठणीच्या पदरावर मोर असतो, इथे अंगभर पिसं, एकावर एक, सोन्याच्या जरीची, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवं चमकणारं काहीतरी. मला वाटलं टिकली. ते एका किड्याचे पंख आहेत! लहानपणी काडेपेटीत सोनपाखरू ठेवायचो ना, तसला हिरवा. वजन साडेचार किलोच्या आसपास. कापड भरलं दिल्लीच्या जरदोजीवाल्यांनी, मग पॅरिसला वर्थ या नामांकित फॅशनवाल्यांकडे जाऊन शिवून आलं. वर्थचं नाव सगळ्यांना माहीत, बाईचं माहीत, आणि ज्यांनी डोळे फोडून एकेक पंख टाचला ते नुसते "दिल्लीचे कारागीर". काकू तिथे बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, उलटी बाजू बघायला मिळाली असती तर टाका कळला असता.

आणि एक गंमत. या घराच्या नकाशात चार विंग होत्या, बांधून झाल्या दोनच. चारही विंगवालं केडलस्टन बघायचं असेल तर कलकत्त्याला जायचं, तिथलं गव्हर्नमेंट हाउस याच्यावरून बेतलेलं आहे. कर्झन व्हाइसरॉय म्हणून तिथे उतरला तो आपल्याच घराच्या मोठ्या भावात.

प्रेषक: लेस्टरचे काका

ताई, छान लिहिलंत. पण कलकत्त्याचं अर्धंच सांगितलंत. ते घर बांधलं गव्हर्नर-जनरल वेलस्लीने, 1799 ते 1803. तारखा बघा. 1802 च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, 1803 च्या सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांची फौज हरली, ती वेलस्लीच्याच धाकट्या भावाकडून. म्हणजे इकडे आपलं राज्य जात होतं तेव्हा तिकडे डर्बीशायरच्या घराची कॉपी पुरी होत होती. दोन विंग इथे पैशाअभावी राहिल्या की कशाने ते मला ठाऊक नाही, पण तिथे चारही कशा झाल्या ते मला बरोब्बर ठाऊक आहे.

ड्रेस बघायला येईन. चर्चमध्ये कर्झनची कबर आहे म्हणतात, तिथे टोपी काढणार नाही.

प्रेषक: डर्बीची ताई

आहे ना, नवरा-बायको दोघांच्या संगमरवरी मूर्ती शेजारी शेजारी निजलेल्या. मेरी 1906 मध्ये गेली, त्यानंतर त्याने चर्चचा तो भाग बांधून घेतला. टोपी घालूनच या, आत गारठा असतो. आमच्याकडे मेंबरशिप आहे, पुढच्या महिन्यात नेते तुम्हाला.

प्रेषक: लेस्टरचे काका

सेक्रेटरी, ही म्हणतेय डबा आमचाच. मी मोजले त्यात शेजाऱ्यांचा एक होता. पुऱ्या टाकून द्या, डबा ताईंकडे ठेवा, पुढच्या महिन्यात घेतो.