कॉकटेलच्या पाकात गूळ? माझ्याकडून नाही

चमचाभर (धागाकर्ता)

परवा शनिवारी घरी चौघे जमलो होतो. एकाने फ्रिजातली माझी बाटली उघडली, हुंगली आणि म्हणाला, "काकवी कुठून आणलीस रे?" म्हटलं, काकवी नाही, डेमेरारा साखरेचा (जाड दाण्याची, तपकिरी असते ती) पाक आहे, ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये घालायला. गडी भडकलाच. "घरात चांगला गूळ असताना ही परदेशी नावाची साखर कशाला? गूळ विरघळव की!" रात्री साडेबारापर्यंत भांडलो. बर्फ संपला, वाद संपला नाही. म्हणून इथे टाकतोय.

आधी मी काय करतो ते सांगतो. २०० ग्रॅम डेमेरारा, १०० ग्रॅम पाणी, दोन्ही वजनकाट्यावर. वाटीने मोजू नका. साखरेची वाटी पाण्याच्या वाटीपेक्षा हलकी भरते, त्यातून कोण शिगोशीग भरतो, कोण काठोकाठ. पाक दर वेळी वेगळा. पाणी कडकडीत तापवायचं, गॅस बंद करायचा, साखर ओतायची आणि ढवळत बसायचं. दाणे मोठे असतात, पाच-सात मिनिटं जातात. तळाशी काही राहिलंच तर मंद आचेवर मिनिटभर. खळखळून उकळायचं नाही. आपल्या हाताला गुलाबजाम-चिरोट्यांची सवय. पाक म्हटलं की अंगठा आणि बोटात धरून तार बघितल्याशिवाय चैन पडत नाही. इथे तार सुटली म्हणजे पाणी उडालं, प्रमाण गेलं आणि चार दिवसांनी बाटलीच्या बुडाशी खडीसाखर. एवढ्यातून सव्वादोनशे मिली पाक निघतो. ६० मिली व्हिस्कीला ५ मिली पुरतो.

आता गूळ. तीनदा करून पाहिलाय, ऐकीव सांगत नाही. गाळताना फडक्यावर उसाच्या चोयट्या आणि तपकिरी गाळ, पाक गढूळ तो गढूळच. आणि गूळ बोलतो फार. व्हिस्कीत घातला की आधी गूळ लागतो, मग थोडं खारट लागतं, मग पुन्हा गूळ, आणि शेवटी कुठेतरी व्हिस्की. डेमेराराच्या दाण्यावर मळीचा पातळसा थर असतो तेवढाच. त्याने व्हिस्कीला भाजल्यासारखी एक झाक येते आणि मग ती साखर गप्प बसते. गूळ पुरणपोळीला द्या. ग्लासात नको.

जाता जाता, महाराष्ट्रात पंचविशीच्या आतल्यांनी हा धागा नुसता वाचावा. हलके घ्या.

दोनतारी

साध्या साखरेला काय धाड भरलीय?

तुमचा आणि तुमच्या मित्राचा वाद म्हणजे तपकिरी रंगाच्या दोन छटांमधला वाद. मी गेली आठ वर्षं किराणावाल्याकडच्या पांढऱ्या साखरेचा पाक करतो. समभाग साखर, समभाग पाणी, बाटलीत घालायचं, झाकण लावायचं, हलवायचं. गॅससुद्धा पेटवत नाही. बारीक दाण्याची साखर घेतली तर टीव्हीवरच्या एका ब्रेकमध्ये विरघळते.

डायकिरी घ्या. पांढरी रम, लिंबू, पाक, बस. क्युबातलं पेय, तीन जिन्नस, लपायला जागा नाही. त्यात तुमचा डेमेरारा घातलात की रंग उतरलेल्या चहासारखा होतो आणि लिंबाची धार जाते. पाकाचं काम आंबट-कडू सावरायचं. त्याला स्वतःचं मत असायची गरज नाही.

चमचाभर

@दोनतारी, डायकिरीचं मान्य. तिथे मीही पांढरीच वापरतो. पण ओल्ड फॅशन्डमध्ये व्हिस्की, पाक आणि बिटर्सचे (कडवट मसालेदार अर्काचे) दोन थेंब यापलीकडे आहे काय? तिथे पाक सावरायला नाही, अंग धरायला असतो. तुमच्या समभाग पाकाने तेवढीच गोडी आणायची तर ५ ऐवजी साडेसात मिली लागतो, म्हणजे पाणीही जास्त जातं.

दोनतारी

बर्फ वितळून ग्लासात किती पाणी जातं ते मोजलंयत का कधी?

काहीलवाला

गूळ म्हणजे एकच वस्तू असल्यागत लिहिलंय, म्हणून लिहितोय. नाहीतर मी वाचणारा माणूस.

आमच्या मामांचं गुऱ्हाळ होतं, पन्हाळ्याच्या खाली. चुलवाणात चिपाडं सारायचं काम आम्हा पोरांचं. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, तापायला लागला की भेंडीच्या झाडाचं चेचलेलं, बुळबुळीत पाणी त्यात सोडतात; मळी फेसासारखी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. ही मळी जेवढी निगुतीनं काढली तेवढा गूळ स्वच्छ. धागाकर्त्याच्या फडक्यावर आलेला गाळ हा गुळाचा दोष न्हाई, घाई करणाऱ्या गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्याचा आहे.

खारटपणाचं बी सांगतो. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारटच लागणार. नदीकाठच्या चांगल्या निचऱ्याच्या रानातला घ्या आणि मग बोला. आणि तो पिवळाधमक गूळ आणला असेल तर विषयच संपला. गिऱ्हाइकाला पिवळा पाहिजे म्हणून हायड्रॉस पावडर मारतात, ठेवला की परत काळा पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात कोल्हापुरी म्हणून काय काय विकलं जातं ते आम्हाला ठाऊक आहे.

मुख्य मुद्दा राहिला. गूळ विकत आणायचा, फोडायचा, पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, हा उद्योग कशाला? गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का बघतो. त्या गोळीच्या बऱ्याच आधी काहिलीतनं जी काढून घेतात ती काकवी. उसाच्या रसाचा तयार पाक. म्हणजे तुमचं सिम्पल सिरपच (कॉकटेलचा साधा साखरपाक), नुसतं नाव मराठी आहे. तुमच्या मित्रानं हुंगून काकवी म्हटलं ते काय उगीच?

लिंबूटिंबू

काहीलवाला, साष्टांग!

माझा अनुभव: गेल्या मे महिन्यात गुळाचा समभाग पाक केला आणि ओट्यावरच ठेवला. पाचव्या दिवशी बाटलीत बारीक बुडबुडे वर येताना दिसले. झाकण फिरवलं तर फस्स करून उडालं आणि निम्मा पाक टाइल्सवर. वास ताडीसारखा. नवरा म्हणाला, आता व्हिस्की वेगळी आणायची गरज नाही. मुंग्या मात्र आठवडाभर येत होत्या. हा पाक टिकतो तरी किती?

पॅनवाला

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत २२ वर्षं काढली आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं रागावतो.

पहिलं, ज्याला तुम्ही 'कच्ची साखर' म्हणून कौतुकाने विकत घेता ती कच्ची नसते. आमच्याकडे कच्ची साखर म्हणजे चिकट, तपकिरी माल. तो जहाजाच्या पोटात सुटा ओतून रिफायनरीकडे जातो. तो थेट तोंडात घालायचा नसतो. दुकानातली डेमेरारा किंवा टर्बिनाडो ही यंत्रात गरगर फिरवून बरीचशी मळी उडवलेली, खाण्याजोगी केलेली साखर. टर्बिनाडो हे नावच त्या टर्बाइनवरून. (काहीलवाले, तुमची मळी म्हणजे रसावरचा फेस, आमची मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा द्रव. नाव एक, वस्तू दोन.) डेमेरारात शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग निव्वळ साखरच असते. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते उरलेल्या दोन-तीन भागांसाठी. ते भाग चवीला जागतात हे खरं, पण 'नैसर्गिक' वगैरे म्हणू नका. आणि नुसतं 'ब्राऊन शुगर' लिहिलेल्या पिशवीत पुष्कळदा पांढऱ्या साखरेवर मळी चढवलेली असते.

दोनतारी, तुमची पांढरीही सोवळी नाही. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रसात गंधकाचा धूर सोडून रंग काढतात. काही पाकिटांवर 'सल्फरविरहित' छापतात ते यामुळेच.

दुसरं, गूळ. त्यात साखर साधारण ६५ ते ८५ टक्के. उरलेलं म्हणजे फुटलेली साखर (ग्लुकोज-फ्रुक्टोज), पाणी आणि क्षार. साखरेच्या वजनाइतकाच गूळ घेऊन पाक केला तर तो पातळच पडणार. धागाकर्त्याने तीनदा तेच केलं असावं असा माझा संशय आहे. फुटलेल्या साखरेचा फायदा असा की गुळाच्या पाकात खडे सहसा बसत नाहीत. उलट दोनास एक (दोन भाग साखर, एक भाग पाणी) पाक अगदी काठावर असतो: २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते, फ्रिजमध्ये त्याहून कमी. म्हणून खडे. गरम असतानाच लिंबाचे चार थेंब टाका, थोडी साखर फुटते आणि खडे लांबतात. हलवाई तेच करतो.

लिंबूटिंबू, समभाग पाक बाहेर ठेवायचाच नाही, गुळाचा तर मुळीच नाही. फ्रिजमध्ये, उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत तीन-चार आठवडे. दाट पाक त्याहून बराच जास्त. ढग दिसले, बुरशी दिसली की मोरीत.

आंबेमोहर_टोरांटो

पॅनवाला यांच्याशी पूर्ण सहमत.

नावाबद्दल एक भर. डेमेरारा ही गयानातली नदी. शेजारच्या आजी तिथल्या. १८३८ पासून मळ्यांवर ऊस तोडायला भारतातून जे गिरमिटिये (करारावरचे मजूर) नेले, त्यांच्यापैकी त्यांचे पणजोबा. त्यांना मी कौतुकाने पाकीट दाखवलं, त्यांनी उलटं करून बारीक अक्षरं वाचली. मॉरिशसची निघाली! तेव्हा 'परदेशी नावाची साखर' म्हणणाऱ्या मित्राला सांगा, त्या नावामागे आपलीही माणसं राबली आहेत.

माडाखाली

घाटावरचे लोक व्हिस्कीपलीकडे बघणार नाहीत का? आमच्या गोव्यात या वादाला अर्थच नाही. काजू फेणीत तुमची डेमेरारा घाला, फेणीला पत्ताही लागणार नाही. तिथे माडाचा गूळच पाहिजे, काळा, धुराचा वास असलेला. किसून त्याच्या वजनाच्या निम्म्या गरम पाण्यात विरघळवायचा, पातळ कपड्यातून दोनदा गाळायचा, वर लिंबू. फेणी जोरात बोलते, तिच्यापुढे बोलणाराच गोडवा हवा.

हुर्राकाला (काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूला) मात्र यातलं काही नको. मार्च ते मे, लिंबू सोडा, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. त्यात पाक घालणाऱ्याला आमच्या वाड्यावर बोलवत नाहीत.

सोवळेकर

मी घेत नाही, तरी वाचलं. गुळात लोह असतं, म्हणून गूळ बरा. निदान काहीतरी पोटात चांगलं जाईल. आणि पन्ह्याला कोणता पाक चांगला, यावरही कोणी बोलावं.

दोनतारी

@सोवळेकर, ६० मिली व्हिस्कीबरोबर चमचाभर गुळातून लोह! डॉक्टरांना सांगून बघा, चेहरा कसा होतो ते.

चमचाभर

दोन आठवड्यांनी येतोय, कारण प्रयोग केला.

कोल्हापूरच्या सहकाऱ्याकडून काकवी मागवली. तीन पाक: पांढरी, डेमेरारा, काकवी. पहिले दोन दोनास एक. काकवी जरा कमी गोड वाटली म्हणून चाखत चाखत थोडी वाढवली. बायकोने ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या. रंग दिसू नये म्हणून मी डोळे मिटून प्यायचं असं ठरलं. मुलगी बाजूला उभी राहून हसत होती.

पांढरी रम आणि लिंबू: साफ आपटलो. पांढरी आणि डेमेरारा यांत फरक सांगता आला नाही. जिला छातीठोकपणे डेमेरारा म्हणालो ती किराण्याची साखर निघाली. दोनतारी, इथे गुण तुमचे.

व्हिस्की: तीनदा फेरी केली, डेमेरारा दोनदा बरोबर ओळखली. घोट गिळल्यावर घशाशी जे काहीतरी रेंगाळतं ते पांढरीत नाही. काकवी पहिल्या हुंगण्यातच कळली, आणि माझ्या मते ती व्हिस्कीला झाकतेच.

पण काळी रम, काकवी, लिंबाची फोड आणि भरपूर बर्फ... हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? रमही उसाच्या मळीचीच, त्यामुळे दोघी एका घरच्या असल्यासारख्या बसल्या. तो ग्लास मी प्रयोग म्हणून घेतला आणि दुसरा प्रयोग नसताना.

गुळाबद्दल माझं मत तेच आहे. काकवी म्हणजे गूळ नव्हे, हे काहीलवाला यांनीच लिहिलंय.

काहीलवाला

असं मी लिहिलेलं न्हाई. पोरगं बापासारखं दिसतंय, पण तुम्ही बापाला घरात घेईना, एवढंच.

चमचाभर

बरं, तुमचं खरं. सोवळेकर, तुमच्या पन्ह्याचंही उत्तर मिळालं. सासूबाई आल्या होत्या. त्यांनी उरलेली काकवी उकडलेल्या कैरीच्या गरात घातली, वेलची कुटली, चिमूटभर मीठ घातलं, आणि दोन दिवसांत बाटली उताणी. माझ्या रमला थेंब उरला नाही.

काहीलवाला

आमच्याकडं गुऱ्हाळं आता दिवाळीच्या सुमाराला पेटतील. तोवर डेमेरारावर भागवा.