फर्स्ट एमबीबीएस: अ‍ॅनाटॉमीची नावं डोक्यात राहत नाहीत, काय करू?

कयाधूकाठचा

नमस्कार. यंदा एमबीबीएसला लागलोय. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा, मग लातूरला नीटची तयारी. बायोलॉजीत मार्क बरे होते, म्हणून अ‍ॅनाटॉमी सोपी जाईल असा समज होता. सध्या अप्पर लिंब, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात, चालू आहे. रात्री घोकलेलं सकाळी डीएचच्या (डिसेक्शन हॉल, जिथं मृतदेह उघडून शिकतात) दारातच सांडतं.

परवा टेबल व्हायव्हाला (टेबलापाशीच्या तोंडी परीक्षेला) मॅडमनी चिमट्यानं एक पांढरी दोरी उचलली. हे काय? म्हटलं, मीडियन नर्व्ह, म्हणजे हाताचा एक मज्जातंतू. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, कशावरून? झालं, बोबडी वळली. पुस्तकात ती पिवळी रंगवलेली असते, इथं सगळंच करड्या रंगाचं.

शिवाय नावं बघा. एक्स्टेन्सर कार्पाय रेडिअ‍ॅलिस लाँगस म्हणेपर्यंत दम लागतो. त्यात एकेका वस्तूला दोन-दोन नावं. सीनियर पेरोनियल म्हणतात, नव्या पुस्तकात फिब्युलर. पेपरात काय लिहायचं? आणि आमच्या टेबलाला मुलं इतकी की बॉडीपर्यंत हात पोचत नाही. मोबाईलवर थ्रीडी अ‍ॅप घेतलंय. त्यावर भागेल का?

टेबल नंबर चार

सेकंड इयर. घाबरू नकोस, पहिल्या पार्ट कम्प्लिशनला (एक भाग संपल्यावरच्या परीक्षेला) सगळ्यांचीच तंतरते. आम्ही मनगटाची आठ हाडं पाढ्यासारखी म्हणायचो: स्का-लु-ट्राय-पि, ट्रॅ-ट्रॅ-कॅ-हॅ. स्पॉटिंगला (ठेवलेला भाग ओळखायच्या परीक्षेला) एवढं पुरतं. बाकी डायग्राम काढत राहा, पेपरात डायग्रामच तारतात.

हाडाची डॉक्टर

पाढा चांगलाय, फक्त तो अंगठ्याकडून करंगळीकडे म्हणायचा आणि पहिली ओळ कोपराकडची, हे पोरांना सांगायचं राहून जातं. मग पाढा बरोबर आणि हाड चूक.

मी ऑर्थोपेडिक सर्जन, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. कडबाकुट्टी, उसाचा कोयता आणि फुटलेली काच, यांच्यामुळे माझं दुकान चालतं. तेव्हा तुझ्या मॅडमच्या 'कशावरून' या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावरून देते.

मनगटाला पुढून आडवा काप घेऊन माणूस येतो. टर्निकेट (रक्त थांबवणारा पट्टा) फुगवून, जखम धुऊन बघावं तर आत पांढऱ्या टोकांची गर्दी. कार्पल टनेलमधून, म्हणजे मनगटातल्या बोगद्यातून, नऊ टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नर्व्ह जाते: बोटं वाकवणाऱ्या स्नायूंपैकी सुपरफिशियालिसचे चार, प्रोफंडसचे चार, अंगठ्याचा पोलिसिस लाँगस, आणि तुझी ती मीडियन. बोगद्याच्या बाहेर, वरच्या अंगाला पामारिस लाँगसचा टेंडन. गोम अशी की मनगटापाशी मीडियन नर्व्ह या पामारिसला अगदी लागून, जरा खाली असते. कापल्यावर टोकं इकडंतिकडं सरकतात, रक्तानं सगळं माखलेलं, आणि घाईत नर्व्हचं टोक टेंडनला शिवलं जातं. हा इशारा हाताच्या सर्जरीत पहिल्यापासून देतात तो उगाच नाही. टाके देखणे पडतात, जखम छान भरते, आणि महिन्यांनंतरही माणसाला शर्टाचं बटण बोटांना लागत नाही, अंगठा करंगळीकडे वळत नाही.

मग ओळखायचं कशावरून? टेंडन चकाकतो. नर्व्ह मळकट पिवळसर असते आणि तिच्या अंगावरून एक बारीक रक्तवाहिनी लांबीच्या दिशेनं जाताना दिसते. कापलेलं तोंड भिंगाखाली धरलं तर नर्व्हच्या आत वेगवेगळे गठ्ठे दिसतात, टेंडन सलग. टेंडनचं बोटाकडचं टोक हलकं ओढलं की ते बोट वाकतं. आणि सुपरफिशियालिसचे चार टेंडन एका रांगेत नसतात: मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा वर, तर्जनी नि करंगळीचा खाली. रात्री साडेअकराला, लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत, ही मांडणी डोळे मिटूनही दिसली पाहिजे. कुठलं नाव कशाचं हे त्यानंतर.

आपण गावात कुणाला घर सांगताना सिटी सर्व्हे नंबर सांगतो का? मारुतीच्या देवळामागं, पिठाच्या गिरणीला लागून, असंच सांगतो. शरीरात हेच करायचं. वर कोण, खाली कोण, अंगठ्याकडं कोण, करंगळीकडं कोण. व्हायव्हात 'ही मीडियन, कारण फ्लेक्सर कार्पाय रेडिअ‍ॅलिस आणि पामारिस यांच्या मधून खाली जातेय आणि सुपरफिशियालिसच्या मागून बाहेर येतेय' असं म्हणालास तर मॅडम पुढच्या मुलाकडं वळतील.

आत्ता वाचता वाचता कर. हात पुढं, तळवा छताकडं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव, मनगट थोडं स्वतःकडं वाकव. मधोमध दोरी उठली? पामारिस लाँगस. नाही उठली तर काळजी नको, काही माणसांत तो नसतोच, काहींच्या एकाच हातात असतो. कामाला काही अडत नाही. म्हणून तर आम्ही तो काढून दुसऱ्या तुटलेल्या टेंडनच्या जागी वापरतो. त्याच्या अंगठ्याकडच्या बाजूची जाड दोरी म्हणजे फ्लेक्सर कार्पाय रेडिअ‍ॅलिस. तिच्याही पलीकडं नाडी लागते. करंगळीच्या कडेला तळव्याच्या सुरुवातीला वाटाण्याएवढा टणक गोळा लागेल, तो पिसिफॉर्म. तुमच्या पाढ्यातला 'पि' हा असा बोटाखाली आला की परत विसरत नाही. त्यावर येऊन टेकणारा टेंडन फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस, आणि त्याच्या आतल्या अंगाला आधी अल्नर नर्व्ह, मग अल्नर आर्टरी (धमनी). दोन मिनिटांत निम्मं मनगट झालं, पुस्तक न उघडता.

लांबलचक नावांचं म्हणशील तर ती लांब आहेत म्हणूनच सोपी आहेत. एक्स्टेन्सर कार्पाय रेडिअ‍ॅलिस लाँगस: ताणणारा, मनगटाचा, रेडियसच्या (कोपराखालच्या, अंगठ्याकडच्या हाडाच्या) बाजूचा, लांबवाला. लांबवाला आहे म्हणजे आखूडवालाही जवळपास असणार. आहेच, ब्रेव्हिस त्याला चिकटून. कठीण ती छोटी नावं, ज्यांतून काहीच कळत नाही. अँकोनियस म्हटल्यावर कोपर आठवायला ग्रीक यावं लागतं.

दोन-दोन नावांचा घोळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकाअखेर युरोपात शरीराच्या भागांची सुमारे ५०,००० नावं फिरत होती. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला बसून अ‍ॅनाटॉमिस्टांनी त्यातली साडेपाच हजारांच्या आसपास ठेवली, तीही लॅटिनमध्ये. पुढं १९५५ ला पॅरिसची यादी, तिच्यात माणसांच्या नावावरून पडलेली नावं वगळली, मग १९९८ ला टर्मिनॉलॉजिया अ‍ॅनाटॉमिका. एवढं होऊन आजही लेबर रूममध्ये सगळे पाऊच ऑफ डग्लस आणि फॅलोपियन ट्यूबच म्हणतात. मला व्यक्तीनावांचं प्रेम नाही. ती नावं शोधकाबद्दल सांगतात, जागेबद्दल काही नाही, आणि बऱ्याचदा तो पहिला शोधकही नसतो. पण पेशंटच्या फाइलवर तीच असतात, तेव्हा दोन्ही शिकावी लागणार.

पेरोनियलचं फिब्युलर केलं ते मात्र शहाणपणाचं. पेरोनियल आणि पेरिनियल फोनवर एकदा म्हणून बघ. एक नर्व्ह गुडघ्याखालची, दुसरी जागा दोन मांड्यांच्या मधली. पेपरात 'कॉमन फिब्युलर नर्व्ह' लिहून पहिल्या वेळी पुढं 'म्हणजेच कॉमन पेरोनियल' जोड. तोंडी परीक्षेत समोरचे सर जे म्हणतात ते.

तळहाताबद्दल एक बारकी गोष्ट, जी फर्स्ट इयरला कुणी सांगत नाही. आम्ही हातावर मीडियल-लॅटरल शक्यतो म्हणत नाही. रेडिअल बाजू, अल्नर बाजू म्हणतो. कारण पुस्तकातला माणूस तळवे पुढं करून उभा असतो, माझा पेशंट तळवा पालथा घालून झोपलेला असतो. बोटांनाही नंबर देत नाही. तिसरं बोट म्हणजे अंगठा धरून की सोडून? रेफरल चिठ्ठीवर असं लिहून आलं की मी फोन करून विचारते. मराठीत प्रत्येक बोटाला स्वतंत्र नाव आहे, ते वापरा की.

राहिलं अ‍ॅप. वाईट नाही, हाड फिरवून बघायला उत्तम. पण त्यातला माणूस एकच आणि तो आदर्श. तुझ्या बॉडीत ब्रेकियल आर्टरी काखेजवळच दुभागलेली निघेल, शेजारच्या टेबलावर पामारिस गायब असेल, हे अ‍ॅप दाखवत नाही. फॉर्मलिनमध्ये सगळं करडं होतं हे खरं, म्हणून तिथं बोटांनी शिकायचं. नर्व्ह बोटाखाली दोरीसारखी घोळते, आर्टरीची भिंत जाड लागते, शीर चपटी पडते. गर्दीत हात पोचत नसेल तर तास संपल्यावर थांब. डीएचच्या मामांशी ओळख ठेव. कुठल्या टेबलावर काय चांगलं निघालंय हे लेक्चररच्या आधी त्यांना माहीत असतं. आणि हॉस्टेलवर बोन सेट आण. ह्युमरसची बाजू ओळखून झाली की मागची ती तिरपी खाच शोध, तिच्यातून रेडिअल नर्व्ह हाडाला लागून जाते. दंडाचं हाड मधोमध मोडलं की मनगट का लोंबतं, हे त्या खाचेवरून बोट फिरवलं की कळतं.

रचनाशारीर

मी बीएएमएसच्या मुलांना रचना शारीर, म्हणजे आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमातली शरीररचना, शिकवतो. दोन्ही परिभाषा एकाच वर्षात शिकायच्या, म्हणजे या मुलाचा ताप दुप्पट करून बघा. सुश्रुतानं हाडं ३०० सांगितली, चरकानं ३६०, आणि आधुनिक पुस्तकात प्रौढाची २०६. मुलं विचारतात, चुकलं कोण? मोजणी वेगळी आहे. सुश्रुताच्या अस्थींच्या पाच प्रकारांत 'रुचक' म्हणजे दात आणि 'तरुण' म्हणजे कूर्चाही (कार्टिलेज) येतात.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल डॉक्टरबाईंशी शंभर टक्के सहमत. सुश्रुतसंहितेत शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की प्रेत मुंज गवत वगैरेंनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावं, सात रात्रींनी वाळा, केस, वेळू यांच्या कुंच्यांनी हळूहळू घासत त्वचेपासून आतला एकेक भाग डोळ्यांनी पाहावा. श्लोक पाठ करून शल्यचिकित्सा करू नये, हा मुद्दा तेव्हाही होता.

देशमुख आजोबा

वय ७६, निवृत्त मुख्याध्यापक. देहदानाचा फॉर्म भरून ठेवला आहे, त्यामुळे उद्या तुमच्याच कुणाच्या टेबलावर असण्याची शक्यता आहे. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे अंगठा करंगळीला लावून पाहिला. डाव्या हातात दोरी आहे, उजव्या हातात नाही. संबंधित विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी, व्हायव्हाला उपयोगी पडेल.

हाडाची डॉक्टर

आजोबा, दंडवत! फक्त फॉर्मची प्रत कपाटात ठेवू नका, मुलांना नि सुनांना आत्ताच दाखवून ठेवा. वेळ आली की कॉलेजला फोन घरच्यांनीच करायचा असतो, आणि त्या वेळी घरात एकाचा जरी विरोध असला तरी फॉर्म कागदच राहतो. आमच्या गावात असं झालंय.

कयाधूकाठचा

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुम्ही शंभर वर्षं जगा, आम्ही वाट बघू शकतो.

हॉस्टेलवर सगळ्यांची मनगटं तपासून झाली, रूम पार्टनरच्या दोन्ही हातांत पामारिस नाही. तो बिचारा स्वतःला आजारी समजून बसला होता. आता मॅडम, शेवटचं विचारतो. पुढच्या आठवड्यात ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडं येणाऱ्या नर्व्हांचं जाळं, आहे. कागदावर रूट, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड, ब्रँच असं काढता येतं. पण काखेत बघितलं की शेवयांचा गुंता. सुरुवात कुठून करू?

हाडाची डॉक्टर

शेवटाकडून. कागदावर मानेकडून खाली येतात, म्हणून सगळे काखेतही तसेच शोधायला जातात आणि अडकतात. आधी अ‍ॅक्सिलरी आर्टरी शोध, पेक्टोरॅलिस मायनरच्या खालचा तिचा तिसरा भाग. तिच्या पुढ्यात नर्व्हांचा इंग्रजी एम पडलेला दिसेल. एका बाजूचा पाय मस्क्युलोक्युटेनियस, तो कोराकोब्रेकियालिस स्नायूला भोसकून आत शिरतो. दुसऱ्या बाजूचा पाय अल्नर. मधलं टोक मीडियन, दोन मुळं एकत्र येऊन झालेली. त्या दोन मुळांना धरून वर गेलास की लॅटरल आणि मीडियल कॉर्ड आपोआप हातात येतात.

मग आर्टरी हलकेच बाजूला सार, मागं पोस्टीरियर कॉर्ड. तिची जाडजूड रेडिअल नर्व्ह दंडाच्या मागं जाते, आणि अ‍ॅक्सिलरी नर्व्ह ह्युमरसच्या सर्जिकल नेकला वळसा घालते. कॉर्डांना लॅटरल, मीडियल, पोस्टीरियर म्हणतात ते या आर्टरीच्या हिशोबानं. सी५ ते टी१ या कण्यातून निघणाऱ्या मुळांपर्यंत मानेत वर जायचं ते सगळ्यात शेवटी.

शीरा आडव्या येतील. त्या काढायच्या की ठेवायच्या ते मॅडमना विचारून ठरव, आपल्या मनानं कात्री चालवू नकोस. मागून येणाऱ्या बॅचला मीडियनचं एक मूळ तरी शाबूत मिळू दे.